कातडी रात्री जेवते का

“रात्री ते अंगात जातंय का न्हाई, तेवढंच सांगा,” जिनमती म्हणाली.

डॉक्टर तस्नीम पटवेगार तिच्या कॉटच्या कडेला बसल्या होत्या. त्यांच्या हातात एक पातळ पाकीट होतं आणि पाकिटात पोस्टाच्या तिकिटापेक्षा जरा मोठी, आरपार दिसणारी पट्टी. ती छातीवर नाहीतर दंडावर चिकटवायची. तीन दिवस राहते. तिच्यातलं औषध थोडं थोडं कातडीतून आत झिरपत राहतं. गोळी नाही, पाणी नाही, गिळणं नाही.

“जातं की,” डॉक्टर म्हणाल्या. “दिवसा जातं, रात्री जातं. म्हणून तर आणलीय.”

“मग न्हाई चालत.”

“काकू, पण तुम्ही खाताय कुठं? कातडीला काय तोंड असतं?”

“तोंड नसंल. पण आत घेती का न्हाई? आत घेतलं म्हंजे जेवली.”

मी दारात उभा होतो. मला हसू आलं. जिनमतीनं माझ्याकडं बघितल्यावर ते गेलं.

आम्ही जैन. शेतकरी जैन. कृष्णेच्या काठाला शिरोळ तालुक्यात आमची बरीच गावं आहेत. शेती भावाकडं, माझं स्टँडजवळ मोटर रिवाइंडिंगचं दुकान. नाव नेमगोंडा, पण गावात मला मोटरवाला म्हणूनच ओळखतात. जिनमतीनं वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी एका माताजींकडून, म्हणजे आमच्या साध्वींकडून, नेम घेतला होता. सूर्य मावळायच्या आधी दोन घटका तोंड बंद करायचं आणि उगवल्यावर दोन घटकांनी उघडायचं. मधल्या वेळात अन्न नाही, पाणी नाही, औषध नाही. अंधारात जेवलं तर दिव्यावर येणारी बारीक पाखरं, चिलटं ताटात पडतात आणि पोटात मरतात. तेवढा जीव वाचावा म्हणून हा नेम.

दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. एकदा बेळगावच्या लग्नाहून येताना गाडी बंद पडली. डबा मांडीवर, डब्यात पोळ्या, आणि उशीर झाला फक्त पाच मिनिटांचा. बाई तशीच झोपली. मी शेजारी बसून सगळ्या पोळ्या खाल्ल्या. नेम तिचा होता, माझा नव्हता.

एकतीस वर्षं असं चाललं. मग तिचा छातीचा कॅन्सर हाडात उतरला. कमरेत आणि पाठीच्या मणक्यात. मिरजेच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की आता आजारावर औषध नाही, दुखण्यावर आहे. दुखणं बघणाऱ्या डॉक्टर वेगळ्या, त्या गाडी घेऊन घरी येतात. त्या ह्या पटवेगार बाई.

त्यांनी पहिल्यांदा मॉर्फिन म्हटलं तेव्हा मी म्हटलं, “म्हंजे अफूच की.”

“अफूच्या घरातलंच.”

“सवय लागंल तिला.”

“काका, व्यसन लागायला मजा यावी लागते. ह्यांचं फक्त दुखणं जाईल. सवय दुसऱ्याच गोष्टीची लावावी लागेल. ही गोळी पोट बांधते, त्यामुळं रोज जुलाबाचं औषध घ्यायचं. ते चुकलं तर मी दुखण्यावर नाही, त्याच्यावर बोलत बसेन.”

जिनमतीला बाई तिथंच आवडल्या.

साधं मॉर्फिन दर चार तासांनी घ्यावं लागतं, रात्रीसुद्धा. ते बसणारं नव्हतंच. मग डॉक्टरांनी बारा तास पुरणारी गोळी दिली. सकाळी एक, संध्याकाळी एक. जेठात सुरू केली तेव्हा दिवस मोठा होता आणि रात्र आखूड. मधला उपास साडेबारा-पावणेतेरा तासांचा, निभून गेलं. ती उठून बसायची, बस्तीत जायची. आमच्याकडं जैन मंदिराला बस्ती म्हणतात. एकदा दुकानात येऊन माझ्या हिशेबाच्या वहीला नवं कव्हरही घालून गेली.

मग थंडी आली. सूर्य सहाच्या आत मावळायला लागला. म्हणजे शेवटची गोळी पाच दहाला. उगवायला सात वाजायचे, म्हणजे पहिली गोळी पावणेआठला. मध्ये साडेचौदा तास. गोळी बाराच तासांची. पाचला तिचं काम संपायचं आणि पावणेआठपर्यंत जिनमती आणि तिचं दुखणं दोघंच. मी हा हिशेब दुकानातल्या पाटीवर मांडून बघितला. मोटर असती तर दुसरी वायर ओढली असती.

डॉक्टरांनी संध्याकाळची गोळी वाढवून बघितली. ती रात्री नऊपर्यंत भिंतीशी बोलत बसली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओकत राहिली. पुन्हा कमी केली. आणखी एक वाट आहे, मागच्या बाजूनं, असं त्यांनी हळूच सुचवलं. तेव्हा जिनमती म्हणाली, “बाई, तुम्ही लग्न झालेल्या, शिकलेल्या, आणि काय बोलताय?” तो विषय मिटला.

म्हणून आता पट्टी.

“काकू, आमच्यात रोज्याला आजारी माणसाला सूट असते,” डॉक्टर म्हणाल्या. “तुमच्यातही असेल.”

“तुम्ही घेता का सूट?”

“मी आजारी कुठं आहे?”

“डोकं दुखतंय म्हणत होता की मागल्या खेपेला. अर्धं डोकं.”

“अर्धशिशी आहे मला.”

“मग रोज्यात दुखलं तर गोळी घेता?”

बाईंनी हातातलं पाकीट उलटसुलट केलं. मग म्हणाल्या, “नाही घेत.”

“तर!” जिनमती म्हणाली आणि उशीवर मागं टेकली. जिंकली होती.

त्या वेळी तिचा भाऊ आप्पा तिथंच बसला होता. आप्पा बस्तीचा पंच, पंचवीस वर्षं. मी त्याला बाहेर नेऊन सांगितलं, जरा समजाव तिला, तुझं ऐकंल. आप्पा आत गेला, घसा साफ केला आणि म्हणाला, “जिनू, शास्त्रात पट्टीचं काही लिवलेलं न्हाई.”

“शास्त्र लिवलं तवा पट्टी होती का?”

“न्हवती.”

“मग कशाला लिवतील?”

“तू रात्री डोक्याला तेल लावतीस की,” मी मध्ये म्हटलं. “तेबी मुरतंय.”

“तेल केसाला लावते. पोटात जावं म्हणून न्हाई लावत. ही जावी म्हणूनच लावायची. मन कुठं हाय ते बघावं लागतंय.”

आप्पानं माझ्याकडं असं बघितलं की आता तूच बघ बाबा. तेवढ्यात ती भावाला म्हणाली, अगदी साध्या आवाजात, भाजी काय आणायची ते सांगावं तसं, “आप्पा, माझ्यानं पहाट निघत न्हाई. त्यापेक्षा एकेक करून आहार सोडते. माताजी जवळच्याच गावात हाईत. विचारून ये.”

सल्लेखना म्हणतात ह्याला. आमच्यात असं मरण घेणाऱ्याचे पाय धरायला माणसं लांबून येतात. आप्पाचे हात तिथंच जोडले गेले. माझे गेले नाहीत.

डॉक्टर पाकीट तसंच हातात धरून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “काकू, धर्मासाठी सोडणार असाल तर मी काही बोलणार नाही. पण दुखण्याला भिऊन सोडणार असाल तर आधी मला दुखण्याचं बघू द्या. दुखणं गेल्यावरही सोडावंसं वाटलं, तर मीच हात जोडायला येईन.”

जिनमतीनं डोळे मिटले. “पट्टी कपाटात ठिवा,” म्हणाली. “पुढच्या खेपेला बोलू.”

पुढची खेप पंधरा दिवसांनी होती.

आता मी जे केलं ते सांगतो. जिनमतीच्या कॉटसमोर भिंतीवर एक घड्याळ होतं. खोलीची खिडकी गोठ्याकडं, आणि थंडीमुळं तिच्यावर मीच गोधडी ठोकली होती. आत दिवसभर बल्ब. जिनमती कॅलेंडरातली सूर्याची वेळ बघायची आणि घड्याळ बघायची. तिचा सूर्य म्हणजे ते घड्याळ.

दुपारी ती सकाळच्या गोळीनं पेंगली की मी स्टुलावर चढून घड्याळ चाळीस मिनिटं मागं न्यायचो. म्हणजे पाच दहाची गोळी खरी पाच पन्नासला व्हायची. रात्री तिला झोप लागली की घड्याळ खऱ्या वेळेच्या तासभर पुढं. म्हणजे पावणेआठची गोळी खरी पावणेसातला. मधला वेळ तेरा तासांच्या आत आला. दुखायला लागायचं, पण तासाभरात गोळी हातात. पहिल्या दिवशी मी पाणी दिलं तेव्हा ती म्हणाली, “आज उजाडल्यासारखं वाटत न्हाई हो.”

“धुकं पडलंय,” मी म्हटलं. “नदीवरनं आलंय. गाड्याबी दिवे लावून चालल्यात.”

अकरा दिवस आमच्या घरावर धुकं पडलं.

आणि तिला बरं वाटायला लागलं. डॉक्टरांनी दिलेल्या वहीत ती रोज दुखण्याचा आकडा लिहायची, दहापैकी. पहाटेचे नऊ होते ते चारवर आले. आहार सोडायचं बोलणं बंद झालं. “कुठं तरी आपोआपच उतरलंय बघा,” म्हणायची. माझ्यासाठी थालीपिठाचं पीठ कसं भाजायचं ते शेजारणीला सांगायला लागली. मला वाटलं, जमलं.

माझ्या लक्षात राहिली नाही ती बस्तीतली घंटा. सकाळी सातला तिथले पुजारी, उपाध्ये, अभिषेकाची घंटा वाजवतात. एरवी ती गोळीच्या आधी पाऊण तास वाजायची. आता ती गोळी घेतल्यावर वाजायला लागली, घड्याळात आठला.

“आज घंटा आठला कशी?”

मी म्हणालो, “उपाध्ये म्हातारा झालाय. थंडीचं उठवत नसंल.”

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. जिनमती मायाळू बाई. तिनं आधी उपाध्यांना लोकरी कानटोपी पाठवली. तरी घंटा आठलाच. मग मात्र भावाला बोलावून म्हणाली, “आप्पा, तू पंच असून तासभर उशिरा अभिषेक होतोय. देवानं वाट बघायची व्हय?”

आप्पा स्वतः साडेआठला उठतो. त्याला काय माहीत? त्यानं जाऊन उपाध्यांना सगळ्यांसमोर झापलं. भरमू उपाध्ये, वय सत्तर, उभ्या आयुष्यात एक दिवस चुकलेले नाहीत. त्याच संध्याकाळी ते आमच्या घरी आले. डोक्यावर तीच कानटोपी. मागं आप्पा.

“वहिनी,” ते दारातूनच म्हणाले, “माझी घंटा सातला वाजती. रेडिओवर ठोके ऐकून वाजवतोय. हे बघा माझं घड्याळ.”

त्यांनी मनगट पुढं केलं. पावणेपाच. भिंतीवर चार वाजून पाच मिनिटं.

आप्पानं भिंतीकडं बघितलं, मनगटाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघत होतो. थंडीत पंखा बंद होता, त्यामुळं बघण्यासारखं काही नव्हतं.

“सेल बदला की हो, नेमगोंडा,” उपाध्ये म्हणाले. “जगाच्या मोटरी नीट करताय, आणि घरातलं घड्याळ मागं!” त्यांचं काम झालं होतं. ते कानटोपी सारखी करून निघून गेले.

“आप्पा, तू बी जा,” जिनमती म्हणाली.

तो गेला. तिनं घड्याळाकडं बोट केलं.

“किती दिवस?”

“अकरा.”

“सकाळीबी?”

“सकाळी पुढं. दुपारी मागं.”

“म्हंजे बावीस वेळा हात लावला.”

“काटे ढिल्ले झालेत,” मी म्हटलं. ती हसली नाही.

“एकतीस वर्षं,” ती म्हणाली. “बाळंतपणात मोडला न्हाई. आई गेली त्या दिवशी मोडला न्हाई. तुम्ही स्टुलावर चढून मोडला.”

“तुला बरं वाटत होतं.”

“मी विचारलं होतं का बरं वाटावं म्हणून? नेम माझा. दुखणं माझं. ह्यात तुमचं काय हाय, सांगा की.”

जे होतं ते तोंडातून गेलं.

“ऐकणं.”

“काय?”

“ऐकणं माझं हाय. पाच वाजले की तुझी नखं कॉटच्या नळीवर वाजायला लागत्यात. तू मंत्र मोजतीस. एकशेआठ झाले की थांबतीस, पदर तोंडात धरतीस, मग परत मोजतीस. मी खाली भिंतीकडं तोंड करून पडलेला असतो. उठलो तर तुला वाटणार, ह्यांची झोप मोडली. मग तू नखंबी वाजवायची न्हाईस. म्हणून उठत न्हाई.”

“तुम्ही तर घोरत असता.”

“ते मी मुद्दाम काढतो.”

“काय काढता?”

“आवाज. घोरायचा.”

तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. कमरेमुळं तिला वळताना त्रास व्हायचा, तरी पूर्ण वळली.

“रोज?”

“दिवाळीपासनं.”

बाहेर गाईनं हंबरून घेतलं. दूध काढायची वेळ झाली होती. मी जागचा हललो नाही.

“मी अंधारात का जेवत न्हाई?” तिनं विचारलं, शाळेत विचारतात तसं.

“जीव मरतात म्हणून.”

“कसले जीव?”

“चिलटं. पाखरं.”

“व्हय. चिलटं.” तिनं डोळ्याला पदर लावला. “चिलटांसाठी एवढं केलं. आणि ऐंशी किलोचा जीव शेजारी पडलाय, रोज पहाटे मरतोय, तो दिसला न्हाई मला.”

“अठ्ठ्याहत्तर,” मी म्हटलं.

आता ती हसली. हसल्यावर कमरेत कळ आली, शिवी द्यावी तसं तिनं माझं नाव घेतलं आणि म्हणाली, “लावा बाईंना फोन.”

डॉक्टर दुसऱ्या दिवशी आल्या. मी सगळं कबूल केलं. त्यांनी कपाळावर हात मारला. “काका, मी त्या वहीवरून औषध ठरवते! उद्या मी म्हटलं असतं की गोळी साडेचौदा तास पुरते, तर?” दहा मिनिटं मला झापलं. जिनमती मन लावून ऐकत होती. मध्ये एकदा “अजून सांगा” म्हणाली.

मग तिनं तिच्या अटी सांगितल्या. पट्टी बदलायची ती दिवसाच, ऊन असताना. पहाटे कितीही दुखलं तरी वरून गोळी मागायची नाही, कोणी द्यायची नाही. आणि बाकीच्यांनी ह्याची गावात चर्चा करायची नाही.

“आणि कातडी?” डॉक्टरांनी विचारलं. “ती रात्री जेवेल त्याचं काय?”

“जेवू दे तिला. नेम मी घेतलाय, तिनं कुठं घेतलाय?”

तीच बाई, तीच पट्टी. पंधरा दिवसांपूर्वी हेच आम्ही तिघांनी मिळून तिला पटवू शकलो नव्हतो.

शेवटची गोळी आणि पहिली पट्टी एकाच वेळी, दुपारी चारला. पट्टीचं काम सुरू व्हायला अर्धा दिवस जातो, तोवर गोळी सांभाळते. डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं आणि परत म्हणायला लावलं. पट्टीवर शेक द्यायचा नाही. गरम पाण्याची पिशवी नाही, शेगडी जवळ नाही. उष्णतेनं औषध एकदम आत जातं. पट्टी कापायची नाही. जुनी काढली की घडी घालून बाजूला ठेवायची, त्या घेऊन जातील. आणि झोप फार जड वाटली, श्वास मंद वाटला, हाक मारून उठेना झाली, तर त्याच मिनिटाला फोन.

“घड्याळ बघून फोन करू नका,” त्या जाताना म्हणाल्या.

मला शिक्षा झाली ती वेगळी. अकरा दिवस मोडलेल्या नेमाचं प्रायश्चित्त कोणी घ्यायचं, असा प्रश्न निघाला. जिनमती म्हणाली, मोडला त्यानं. अकरा दिवस सूर्य मावळल्यावर मला पाणीसुद्धा बंद. दुकान बंद करून स्टँडवर भजी खाऊन घरी येणारा माणूस मी. शिवाय उपाध्यांच्या घरी जाऊन, बायकोनं सांगितलेल्या शब्दांत, माफी. त्यांनी माफ केलं, पण आजही रस्त्यात भेटले की मला वेळ विचारतात.

जिनमती त्यानंतर एकोणसाठ दिवस होती. आहार सोडायचं ती परत बोलली नाही. शेवटी आपोआप सुटला, सगळ्यांचा सुटतो तसा, आणि तेव्हा डॉक्टर आल्या होत्या. त्याला आता नऊ वर्षं झाली. त्या दिवसांतलं मला सगळं आठवत नाही, आठवावंसंही वाटत नाही. पट्टी लावल्यानंतरची दुसरी पहाट मात्र आठवते.

सवयीनं पाचला जाग आली. भिंतीकडं तोंड करून पडलो होतो. घोरायला सुरुवात केली आणि थांबलो. नखांचा आवाज नव्हता. वाट बघितली. गोठ्यात गाय उठून उभी राहिली, ते ऐकू आलं. लांब कारखान्याकडं जाणारा उसाचा ट्रॅक्टर ऐकू आला. कॉटवरून काहीच नाही. पदराची सळसळ नाही, कूस बदलणं नाही. इतके दिवस हा आवाज बंद व्हावा म्हणून काय काय केलं होतं. तो बंद झाला आणि मी उठून बसलो.

डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं एकदम डोक्यात आलं. फोन कुठं ठेवलाय ते आठवेना. हाक मारायचं धाडस होईना. गुडघ्यावर सरकत कॉटपाशी गेलो. अंधारात तिचा चेहरा दिसत नव्हता. एक बोट तिच्या नाकाखाली धरलं आणि माझा स्वतःचा श्वास आवरून बसलो, म्हणजे कुणाचा कोणता हे कळावं.

“हाय अजून,” ती डोळे न उघडता म्हणाली. “झोपा.”